रतनपूरला राहायला आलेले भोसले



भिलाईच्या सेक्टर 2 मधून दुर्गला जायला आज काही मिनिटे लागतात. या वाटेवर जुने असे काही दिसत नाही. कारखाना, वसाहत, रेल्वे, ग्रेट ईस्टर्न रोड, सगळेच गेल्या दीडशे वर्षांतले. पण दुर्गला एक मातीचा किल्ला होता, आणि ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरात त्याच्याविषयी एक नोंद आहे: 1741 साली मराठ्यांनी छत्तीसगढ व्यापले तेव्हा दुर्ग हा त्यांच्या मोहिमेचा तळ होता. तिथल्या उंचवट्यावर त्यांनी खंदक खणून छावणी केली होती. भिलाईत पोलाद ओतले जाण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी मराठी बोलणारी माणसे या परिसरात मुक्कामाला आली होती.

या पाठात आपण त्या मोहिमेचा फार विचार करणार नाही. मोहिमा येतात आणि जातात. भोसले घराण्यातला एक माणूस मोहीम संपल्यावर इथे राहायला आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. राहायला येणे आणि नुसते राज्य करणे यांत काय फरक पडतो, हा आपला प्रश्न आहे. सरहद्दीवर पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या घराण्यांचा इतिहास शिकवताना बहुधा अमेरिकेची उदाहरणे देतात. आपल्याला इतके लांब जायची गरज नाही, तरी शेवटी एकदा तिकडे डोकावून येऊ.

रस्ता कोणाला हवा होता

नागपूरचे रघूजी भोसले (पहिले) यांना शाहू महाराजांकडून वऱ्हाड आणि गोंडवनापासून पूर्वेकडच्या मुलखाचा अधिकार मिळालेला होता. त्यांची नजर होती बंगाल आणि ओरिसावर. तिथे पैसा होता. नागपुराहून कटकला जायचे तर मध्ये छत्तीसगढ येते. जंगल, डोंगर, नद्या आणि त्यांच्यामध्ये भाताचे विस्तीर्ण सपाट खोरे. त्यामुळे छत्तीसगढ हे भोसल्यांचे मूळ उद्दिष्ट नव्हते, ते वाटेत लागणारे घर होते. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढची पुष्कळ गुंतागुंत याच एका कारणातून निघते. ज्या मुलखाकडे रस्ता म्हणून पाहिले जाते, त्याच्याकडून रसद आणि वसुली यांपलीकडे फारसे काही मागितले जात नाही, आणि त्याला दिलेही जात नाही.

त्या वेळी इथे कलचुरी (हैहयवंशी) राजांचे राज्य होते. त्यांच्या दोन शाखा होत्या. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूर आणि दक्षिणेला रायपूर. प्रत्येकीकडे अठरा अठरा गढ, मिळून छत्तीस; प्रदेशाच्या नावाचा सर्वांत प्रचलित अर्थ हाच. दुर्ग आणि पाटण हे रायपूरच्या अठरा गढांपैकी. एका गढात साधारणपणे चौऱ्याऐंशी गावे, म्हणून त्याला चौरासी म्हणत. त्याखाली बारा गावांचा बरहों, आणि गावात गौंटिया. कागदावरची ही व्यवस्था जमिनीवर इतकी नेटकी असेल असे मानू नका, पण सत्तेची उतरंड अशी होती.

रघूजींचा सेनापती भास्करराम कोल्हटकर पेंड्राच्या बाजूने रतनपुरावर आला. फौज 40,000 होती असे सांगितले जाते. रतनपूरचा राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, मुलाच्या मृत्यूने खचलेला होता. त्याने प्रतिकार केला नाही. राजवाड्याचा एक भाग तोफांनी पडल्यावर राणीने पांढरे निशाण दाखवले अशी आठवण सांगतात. भास्कररामाने एक लाख रुपये दंड घेतला, राजाला भोसल्यांच्या नावाने गादीवर ठेवले आणि तो पुढे बंगालकडे निघून गेला. 1744 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने बोलणीसाठी बोलावून त्याला ठार केले. छत्तीसगढ जिंकणाऱ्या माणसाने छत्तीसगढात घर बांधले नाही.

रायपूरच्या शाखेचे काय झाले हे दुर्ग जिल्ह्यातल्या वाचकाने मुद्दाम पाहावे. राजा अमरसिंह याच्याकडून 1750 च्या सुमारास सत्ता काढून घेण्यात आली, आणि वर्षाला 7,000 रुपये खंडणीच्या बदल्यात रायपूर, राजिम व पाटण एवढेच त्याच्याकडे ठेवण्यात आले. त्याच्या मुलाकडून, शिवराजसिंहाकडून, तेही गेले. त्याच्या वाट्याला काही गावे आणि गावोगावचा एकेक रुपया उरला. सातशे वर्षांच्या राजघराण्याचा शेवट असा निवृत्तिवेतनासारखा झाला. पाटणच्या शेतकऱ्याला यात काय फरक जाणवला असेल? धारा देणे चालूच होते, बदलला तो घेणारा.

बिंबाजीची तीस वर्षे

रघूजी 1755 मध्ये वारले. त्यांच्या चार मुलांत वाटण्या झाल्या. थोरला जानोजी नागपूरला, मुधोजी चांद्याला, साबाजी वऱ्हाडात दारव्ह्याला, आणि धाकट्या बिंबाजीच्या वाट्याला आले छत्तीसगढ. चौघांच्या वाट्यांत हा सर्वांत लांबचा, सर्वांत जंगली आणि पुण्या-नागपूरच्या राजकारणापासून सर्वांत दूरचा तुकडा. माझ्या मते धाकट्या भावाला दिलेली ही वाटणी बक्षीस कमी आणि बाजूला सारणे जास्त होती. थोरल्या तिघांत पुढे जे हाडवैर पेटले ते पाहता बिंबाजीचे नशीब वाईट होते असेही म्हणता येत नाही.

रतनपूरला मोहनसिंह नावाचा कलचुरी वंशातला माणूस भोसल्यांतर्फे गादीवर होता. बिंबाजी येतो म्हटल्यावर त्याने फौज जमवायला घेतली, पण त्यातच तो आजारी पडून वारला. 1758 मध्ये बिंबाजी रतनपुरात आला, आणि 1787 मध्ये मरेपर्यंत त्याचा दरबार, फौज, कुटुंब सगळे तिथेच राहिले. नागपूरची अधिसत्ता तो नावापुरती मानत असे. कारभार स्वतःच्या बुद्धीने चाले.

या काळातल्या तीन-चार गोष्टींकडे तुमचे लक्ष वेधतो.

पहिली, रतनपूर आणि रायपूर हे नदीने विभागलेले दोन मुलूख एका माणसाच्या हाताखाली आले. ‘छत्तीसगढ’ हा एकच प्रांत आहे ही कल्पना कारभारात उतरली ती इथून. नवे राज्य 2000 साली झाले तेव्हा त्याच्या नकाशामागे पुष्कळ कारणे होती, पण त्यातल्या सर्वांत जुन्या रेघांपैकी एक ही आहे.

दुसरी, त्याने जुनी माणसे उपटून टाकली नाहीत. गढ आणि गौंटिया यांची घडी बऱ्याच अंशी तशीच राहिली. वर त्याने मराठी कारभारी, मोडी लिपी आणि मराठी हिशेबाची पद्धत आणून बसवली. नव्या जमीनदाऱ्याही दिल्या. राजनांदगाव संस्थानाच्या इतिहासात हरिदास नावाच्या बैरागी महंताची गोष्ट सांगतात. त्याच्या परंपरेचा मूळ पुरुष प्रल्हाददास हा रतनपुरात येऊन राहिलेला शालींचा व्यापारी होता. हरिदासावर बिंबाजीची श्रद्धा जडली आणि त्याला गावामागे दोन रुपये घेण्याचा अधिकार मिळाला. या महंतांनी पुढे सावकारी केली, गहाण पडलेल्या जमीनदाऱ्या ताब्यात घेतल्या, आणि शिष्यपरंपरेने राजे झाले. एका राहत्या घराण्याच्या आसऱ्याने दुसरे घराणे कसे उभे राहते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पंजाबातला व्यापारी, मराठा राजा आणि छत्तीसगढी गाव असे तिन्ही त्यात आहे.

तिसरी गोष्ट लहान वाटेल. रतनपूरजवळच्या टेकडीवर बिंबाजीने राममंदिर बांधले. त्या जागेला रामटेकरी म्हणतात. नागपूरच्या माणसाला हे नाव ऐकून काय आठवते ते सांगायला नको. रामटेक नागपूरपासून जवळ, भोसल्यांच्या नित्याच्या श्रद्धेचे ठिकाण. परमुलखात गेलेला माणूस आपल्या देवाचे ठिकाण बरोबर घेऊन जातो, आणि तशी टेकडी सापडली की तिला तेच नाव देतो. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चालही छत्तीसगढात बिंबाजीने आणली असे मानतात. फौजेबरोबर आलेल्या माणसाने सणाची चाल रुजवली नसती. त्यासाठी शेजारी असावे लागतात, आणि पुढच्या वर्षीही आपण इथेच असू अशी खात्री असावी लागते.

हेन्री टॉमस कोलब्रुक हा संस्कृतचा प्रसिद्ध पंडित 1799 मध्ये कंपनीचा वकील म्हणून नागपूरकडे निघाला, तेव्हा तो छत्तीसगढातून गेला. बिंबाजी जाऊन बारा वर्षे झाली होती, तरी त्याच्या मृत्यूने लोकांना धक्का बसला, कारण त्याचा कारभार लोकांना मानवला होता, अशा अर्थाची नोंद कोलब्रुकने केली आहे. परक्या प्रवाशाच्या नोंदीवर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न आहेच. रस्त्यात त्याला भेटलेले ‘लोक’ म्हणजे बहुधा कारभारी आणि व्यापारी, नांगर धरणारे नव्हेत. पण बिंबाजीनंतर काय आले ते पाहिले की या आठवणीमागचे कारण कळते.

नागपुरातून हाकलेला कारभार

बिंबाजीनंतर छत्तीसगढचा हक्क मुधोजीच्या धाकट्या मुलांकडे आणि अखेर व्यंकोजीकडे गेला. व्यंकोजीला रतनपूरला राहायचे नव्हते. तो नागपूरच्या राजकारणातला माणूस. बिंबाजीची विधवा आनंदीबाई मात्र रतनपूर सोडायला तयार नव्हती. तिने विरोध केला, अखेर तडजोड झाली, आणि कारभार सुभेदारांच्या हाती गेला. महिपतराव दिनकर, मग विठ्ठलराव दिनकर, मग आणखी काही. ही सुभेदारी ठेक्यासारखी होती. जास्त वसूल देण्याचे कबूल करील त्याला पद, आणि पद किती दिवस टिकेल याची खात्री नाही. अशा माणसाने तलाव खणावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

विठ्ठलराव दिनकरने 1790 मध्ये गढांची जुनी रचना मोडून परगणे केले. एकूण 27. परगण्यावर कमाविसदार, हिशेबाला फडणवीस, गावांची मोजदाद ठेवायला बरारपांडे, गावात गौंटियाखेरीज पटेल. आपल्यासारख्या वाचकांच्या कानाला ही नावे ओळखीची आहेत, म्हणून ती वाचताना थोडे सावध राहावे. ओळखीचे नाव आले की कारभार आपलासा वाटू लागतो. छत्तीसगढी शेतकऱ्याला मात्र ‘कमाविसदार’ हा नव्या भाषेत, नव्या लिपीत हिशेब ठेवणारा परका माणूस होता, आणि वहीत काय लिहिले ते त्याला वाचता येत नव्हते.

1795 मध्ये कॅप्टन ब्लंट हा इंग्रज अधिकारी या मुलखातून गेला. त्याला रतनपूर पडीक होत चाललेले दिसले आणि रायपूर व्यापाराने भरलेले. पीक चांगले आले की छत्तीसगढचे धान्य बाहेर न्यायला लाखभर बैल लागतात, असेही त्याने टिपले. म्हणजे मुलूख गरीब नव्हता. धान्य पिकत होते, बंजाऱ्यांचे तांडे ते नेत होते. राहता राजा गेल्यावर रतनपूर आठ वर्षांत ओसरू लागले, एवढेच.

याच काळात या मातीत एक दुसरा आवाज उठला. गुरू घासीदासांचा जन्म 1756 चा, गिरौदपुरीचा. बिंबाजी रतनपूरला आला त्याच्या दोन वर्षे आधीचा. त्यांचे जवळजवळ सगळे आयुष्य भोसल्यांच्या अमलात गेले. जातीची उतरंड नाकारणारा सतनाम पंथ त्यांनी उभा केला तो छत्तीसगढच्या शेतकरी आणि अस्पृश्य मानलेल्या लोकांमध्ये. भोसल्यांच्या इतिहासात त्यांचे नाव सहसा येत नाही, आणि सतनामी इतिहासात भोसले येतात ते वसूल घेणारे म्हणून. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. छत्तीसगढच्या गावांत ‘लाखाबाटा’ नावाची पद्धत होती: काही वर्षांनी गावातली सगळी शेते एकत्र करून पुन्हा वाटायची, म्हणजे चांगली-वाईट जमीन कोणा एकाच्याच वाट्याला कायम राहत नाही. पुढे जमाबंदी करायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ती नोंदवली, आणि आपली कायम मालकीची कागदपत्रे करताना त्यांना ती अडचणीची वाटली.

केंटकीत त्याच वर्षांत

आता कबूल केल्याप्रमाणे थोडे लांब जाऊ. बिंबाजी रतनपूरला राज्य करत होता त्याच काळात अमेरिकेत डॅनियल बून (जन्म 1734) अपालाचियन पर्वताच्या पलीकडे वस्ती करत होता. 1775 मध्ये एका जमीन कंपनीसाठी त्याने कंबरलँड खिंडीतून वाट काढली, केंटकीत बून्सबरो नावाची गढी उभारली, आणि त्याच वर्षी बायकामुलांना तिथे आणले. दोन वर्षे आधी त्याचा थोरला मुलगा अशाच प्रयत्नात मारला गेला होता. पुढच्या वर्षी मुलगी पळवली गेली आणि त्याने ती सोडवून आणली. अमेरिकेत शाळकरी मुलांना ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात, आणि ती शौर्याची आहेच. पण ती जमीन रिकामी नव्हती. शॉनी आणि चेरोकी लोकांची ती शिकारीची भूमी होती. छत्तीस गढही रिकामे नव्हते.

फरक मोठा आहे, तो झाकू नये. बूनच्या मागोमाग लाखो शेतकरी आले आणि मूळ लोक हाकलले गेले. बिंबाजीच्या मागोमाग आली ती काही कारभारी, भिक्षुक, शिपाई, सावकार यांची घरे. नांगर छत्तीसगढ्याच्याच हातात राहिला. भोसल्यांची वस्ती ही वहीची वस्ती होती.

एका बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी विलक्षण जुळतात. बूनला केंटकीतली जमीन टिकवता आली नाही. त्याने मोजण्या नीट नोंदवल्या नाहीत, कंपनीचा मूळ व्यवहारच व्हर्जिनियाने रद्द ठरवला, आणि वकील लावून बसलेल्यांनी त्याचे दावे एकामागून एक खोडून काढले. 1799 मध्ये तो मिसूरीकडे, त्या वेळच्या स्पॅनिश हद्दीत निघून गेला. ज्याने वाट काढली त्याला कागदाने हरवले. इथेही बिंबाजीचे घर रतनपुरात टिकले नाही. टिकली ती वही आणि ती लिहिणारे.

मागे कोण राहिले

1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसले हरले आणि 1818 पासून छत्तीसगढ कंपनीच्या देखरेखीखाली आले. कॅप्टन एडमंड्स आणि त्यानंतर अॅग्न्यू हे अधीक्षक झाले. कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले, आणि ते कायमचे. अॅग्न्यूने परगणे 27 वरून आठावर आणले. त्यात दुर्ग आणि धमधा हे दोन वेगळे परगणे होते. 1830 मध्ये मुलूख तिसऱ्या रघूजींना परत मिळाला, कृष्णराव आप्पा सुभेदार झाला, आणि 1853 च्या डिसेंबरात रघूजी निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने 1854 मध्ये सारे राज्यच खालसा केले.

खरा बदल त्यानंतर आला. भोसल्यांच्या वेळी गौंटिया हा सरकारचा वसूल गोळा करणारा, मुदतीने नेमलेला माणूस होता. 1860 च्या दशकातल्या जमाबंदीत, बिलासपुरात चिझम आणि रायपुरात ह्युइट यांच्या हाताखाली, गावाचा वसूल देणाऱ्यालाच गावाचा मालक ठरवण्यात आले. मालगुजार हा शब्द असा आला. ज्यांच्याकडे जुनी वही, जुना करार, दरबारात ओळख आणि अर्ज लिहायची सवय होती ते मालक झाले. त्यांत स्थानिक गौंटिया पुष्कळ होते, आणि मराठी कारभाऱ्यांची घरेही होती. लाखाबाटा करणारे गाव एका रात्रीत एका माणसाचे झाले. याला कोणी लढाई म्हणत नाही, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात.

तुमच्या घरी, किंवा दुर्ग, रायपूर, बिलासपुरातल्या एखाद्या जुन्या मराठी घरी, मोडीतले कागद असतील तर एक करून पाहा. मोडी वाचणाऱ्याकडून परगण्याचे नाव तेवढे वाचून घ्या. मग कागद वसुलाचा आहे की मालकीचा हे विचारा. वसुलाचा असेल तर तो भोसल्यांच्या जगातला, मालकीचा असेल तर त्यानंतरच्या.

या घरांची मुले पुढे काय करू लागली तेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी 1900 मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. भास्कररामाची फौज आली तीच ही वाट. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर त्याचे संपादक, वामन बळीराम लाखे प्रकाशक. तिघेही मराठी नावांचे, आणि मासिक हिंदी. सप्रे भोसल्यांबरोबर आलेल्या घरातले नव्हेत. त्यांचा जन्म दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, शिक्षण बिलासपूर आणि रायपूरचे. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले तेही त्यांनीच. पण छत्तीसगढात मराठी माणूस ज्या वहीमुळे ओळखला जात होता, ती वही त्यांनी वेगळ्या कामाला लावली. 1901 मध्ये याच मासिकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी गोष्ट आली. हिंदीतल्या पहिल्या कथांपैकी एक म्हणून तिचे नाव घेतले जाते. गोष्टीत एक जमीनदार आहे. त्याला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे आहे, आणि मध्ये एका गरीब विधवेची झोपडी येते. वकिलांना पैसे चारून तो ती झोपडी कायदेशीरपणे स्वतःच्या नावावर करून घेतो. मग ती म्हातारी एक टोपली घेऊन येते, चुलीसाठी आपल्या झोपडीतली थोडी माती मागते, आणि भरलेली टोपली उचलायला जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही.